वनौषधींची जंतुनाशक शक्ति व आपला गोठा

वनस्पतींच्या अंगीं जंतु मारण्याची शक्ति असते, ही गोष्ट आतां वादाची राहिलेली नाहीं. वाद आहे तो निराळाच. ही शक्ति कोणत्या वनस्पतीच्या कोणत्या अंगांत आहे, कोणत्या जंतूंवर ती चालते, किती मात्रेनें चालते, आणि आपल्या गोठ्यांत ती कामास कशी लावावी, हा खरा प्रश्न आहे. परंतु या प्रश्नाचा विचार न करितां गांवोगांव दोन पक्ष मात्र उभे राहिले आहेत. एका पक्षाच्या मतें आजीबाईच्या बटव्यापुढें नवीं औषधें म्हणजे केवळ पैशाचा चुराडा. दुसऱ्याच्या मतें सुई टोंचल्यावांचून जनावर बरें होणें शक्यच नाहीं. पहिल्या पक्षाचा बैल घटसर्पानें एका रात्रींत दगावतो, तर दुसऱ्या पक्षाच्या घरचें दूध विरजण घालूनहि रात्रभर पातळच राहतें. दोघांचेंहि नुकसान होतें आणि दोघेहि आपला हेका सोडीत नाहींत. दुभत्या जनावरांवर ज्यांचा प्रपंच चालतो अशा आपल्या सभासदांनीं कोणाच्याहि पक्षांत न शिरतां हा विषय स्वतःच्या नफ्यातोट्याच्या दृष्टीनें पाहावा, एवढ्याचकरितां हा लेख लिहीत आहों.

हा विषय आजच कां निघावा, असें कोणी विचारील. अलेक्झांडर फ्लेमिंग यांस १९२८ सालीं बुरशीपासून पेनिसिलिनचा शोध लागला. १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या प्रसंगीं केलेल्या व्याख्यानांत त्यांनींच असा इशारा देऊन ठेविला होता कीं, अपुऱ्या मात्रेनें हें औषध घेतल्यास जंतु मरण्याऐवजीं त्यास सरावतील. ते शब्द खरे झाले. २०१९ या एका वर्षांत औषधांस दाद न देणाऱ्या जंतूंमुळें जगांत सुमारें १२ लक्ष ७० हजार माणसें मरण पावलीं, असा अंदाज २०२२ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. याला शेतकरी एकटा जबाबदार आहे असें कोणी म्हणेल तर तें खोटें आहे. शहरांतील दवाखाने, औषधांचीं दुकानें आणि औषधी कारखान्यांचें सांडपाणी यांचा वांटा मोठा आहे. पण आपला वांटाहि शून्य नाहीं. ज्या कोलिस्टीन नांवाच्या औषधाकडे डॉक्टर अगदीं शेवटचा उपाय म्हणून पाहतात, तें कोंबड्यांच्या खाद्यांत घालण्याची चाल आपल्या देशांत होती, व ती बंद करण्याकरितां २०१९ सालीं सरकारास मनाई हुकूम काढावा लागला. युरोपीय संघानें तर केवळ वाढीसाठीं जनावरांच्या खाद्यांत प्रतिजैविकें घालणें १ जानेवारी २००६ पासून अजिबात बंद केलें.

गोठ्यांतील रीत सर्वांस ठाऊकच आहे. धारेंत गांठी दिसूं लागल्या कीं दुकानांतून सडांत सोडण्याची नळी आणावी, दोन दिवस सोडावी, दूध जरा पांढरें दिसूं लागलें कीं उरलेली नळी पुढच्या वेळेकरितां फळीवर ठेवून द्यावी. फ्लेमिंग यांनीं ज्या अपुऱ्या मात्रेची भीति घातली होती ती हीच. शिवाय औषध दिल्यावर जितके दिवस दूध बाजूस काढावयाचें तितके दिवस तें काढणारे किती निघतील? २०१८ सालच्या देशव्यापी पाहणींत अन्नसुरक्षा प्राधिकरणानें दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांपैकीं ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश मर्यादेबाहेर निघाला. हा आंकडा लहान आहे म्हणून समाधान मानणाऱ्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, एका किटलीचें दूध संकलन केंद्राच्या टाकींत पडलें म्हणजे तें साऱ्या गांवाचें होतें.

अशा वेळीं वनस्पतींकडे डोळे लागणें स्वाभाविक आहे. वनस्पतीच्या अंगीं ही शक्ति येते कोठून, हें थोडें पाहूं. झाडास जागचें हलतां येत नाहीं. बुरशी, जंतु, किडे यांस तोंड द्यावयाचें तें उभ्या जागींच. म्हणून तें आपल्या सालींत, मुळांत, पानांत व बियांत नाना प्रकारचीं द्रव्यें सांठवून ठेवतें. कित्येकदां तर तें शस्त्र सुटे भाग करून ठेवलेलें असतें. हें आपल्या घरांतील बायकांस पुस्तकावांचून ठाऊक आहे. लोणच्याकरितां मोहरी पाण्यांत फेसली म्हणजे नाकांत चढते. कोरडी अख्खी मोहरी कितीहि हुंगली तरी चढत नाहीं. कारण असें कीं, मोहरीच्या दाण्यांत एक निरुपद्रवी द्रव्य व त्यास फोडणारें एक एंझाइम हीं निरनिराळ्या कप्प्यांत असतात. दाणा चिरडून ओला झाला कीं दोहोंची गांठ पडते व झणझणीत उडणारें तेल तयार होतें. बुरशीस आणि जंतूंस मारतें तें हें तेल. लसणाचेंहि तसेंच. त्यांतील ॲलिसिन हें जंतुघ्न द्रव्य १९४४ सालीं अमेरिकेंत कॅव्हॅलिटो व बेली यांनीं वेगळें काढलें. पण अख्ख्या पाकळींत तें नसतेंच, पाकळी ठेंचल्यावर क्षणांत बनतें. अख्खा लसूण उकळत्या पाण्यांत टाकला तर एंझाइम आधींच निकामी होतें व मग काढ्यांत वास उरतो, काम उरत नाहीं. तेव्हां 'लसूण घालावा' एवढें सांगून भागत नाहीं. ठेंचून कांहीं मिनिटें तसाच ठेवावा, मग वापरावा, हें सांगितलें पाहिजे. आपल्या जुन्या वैद्यकांत कृतीला जें महत्त्व दिलें आहे त्यांतील मर्म बहुधा हेंच असावें, आणि आजच्या पुड्यांच्या व्यापारांत नेमकी कृतिच हरवली आहे.

आतां दुसऱ्या बाजूचा भ्रम. वर्तमानपत्रांत वरचेवर वाचावयास मिळतें कीं, अमुक कॉलेजांत तुळशीच्या, कडुनिंबाच्या किंवा कोरफडीच्या अर्कानें जंतु मेले. तें खोटें नसतें. कांचेच्या ताटलींत जंतूंचें पोषक द्रव्य पसरतात, त्यावर जंतु वाढवितात, मध्यें अर्काचा थेंब ठेवतात, आणि थेंबाभोंवतीं जंतु न वाढलेलें वर्तुळ मोजतात. पण ताटली म्हणजे कास नव्हे. ताटलींतील जंतु कडक मद्यार्कानेंहि मरतात, म्हणून कोणी तो गाईच्या शिरेंत सोडीत नाहीं. प्रश्न मात्रेचा आहे. पेनिसिलिनला नरम असलेल्या पूजनक जंतूंस एका मिलिलिटरमागें मायक्रोग्रॅमचा दहावा हिस्साहि पुरतो. बहुतेक वनस्पतींच्या अर्कांस त्याच कामाकरितां शेंकडों, कधीं हजारों मायक्रोग्रॅम लागतात. एवढा अर्क ताटलींत घालतां येतो, जखमेवर लावतां येतो. रक्तांत नेऊन पोंचवितां येत नाहीं.

हळदीचेंच पाहा. तिच्यांतील कर्क्युमिन पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, आंतड्यांतून फारच थोडें शोषिलें जातें, आणि जें जातें त्याची यकृत लागलीच विल्हेवाट लावतें. २०१७ सालीं अमेरिकेंतील रसायनशास्त्रज्ञांनीं कर्क्युमिनवरील साऱ्या संशोधनाचा आढावा घेऊन असें दाखविलें कीं, हें द्रव्य प्रयोगशाळेंतील परीक्षांतच ढवळाढवळ करून खोटीं यशें दाखवितें. तेव्हां खरचटलेल्या जागीं हळद दाबणें ही एक गोष्ट, आणि फुप्फुसांत पू झाला असतां हळदीचें दूध पाजून स्वस्थ बसणें ही अगदीं दुसरी. अडुळशासंबंधींहि अशीच गल्लत होते. खोकल्यावर त्याचा गुण खरा, पण तो श्वासनलिका मोकळी करण्याचा व कफ पातळ करण्याचा आहे. त्यांतील व्हॅसिसीनवरूनच पुढें ब्रोमहेक्सीन हें कफाचें औषध तयार झालें. ज्याचा जो गुण त्याला तो द्यावा. सगळ्याच झाडांना 'जंतुनाशक' म्हणून गौरविण्याची गरज नाहीं.

आणखी एक गोष्ट पशुपालकानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जंतूंचे ढोबळ मानानें दोन वर्ग आहेत. एका वर्गाच्या अंगावर एकच जाड भिंत असते. दुसऱ्याच्या भिंतीवर आणखी एक चरबीयुक्त आवरण असतें. वनस्पतींचीं द्रव्यें बहुधा पहिल्या वर्गावर चालतात, दुसऱ्यावर लंगडतात. कासेच्या आजारांत स्टॅफिलोकोकस व स्ट्रेप्टोकोकस हे पहिल्या वर्गांतले, आणि शेणांतून येणारा कोलाय हा दुसऱ्या वर्गांतला. एकाच लेपानें शेजाऱ्याची म्हैस बरी झाली आणि आपली झाली नाहीं, यांत नशिबाचा भाग थोडा व जंतूंच्या जातीचा भाग अधिक असूं शकतो.

आपल्या प्रांतांत या विषयाचा अभ्यास नवा नाहीं. मुंबईस असतांना विल्यम डायमॉक यांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील वनौषधींची छाननी केली, डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनीं मेजर बसूंच्या सहकार्यानें रचलेला भारतीय औषधी वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ १९१८ सालीं निघाला; डॉ. वामन गणेश देसाई यांचा 'औषधी संग्रह' तर मराठींतच आहे. या मंडळींनीं झाडाचें गुणगान करण्याआधीं झाड ओळखण्यावर भर दिला. याचें महत्त्व कुड्याच्या उदाहरणावरून कळेल. अतिसारावर जी कुड्याची साल चालते ती पांढऱ्या कुड्याची. तिच्यांत कोनेसीन नांवाचें क्षारद्रव्य आहे व त्याचा आंवेच्या सूक्ष्म जीवांवर खरोखर परिणाम होतो. पण सालीच्या व्यापारांत काळ्या कुड्याची साल तिच्यांत सर्रास मिसळत आली आहे. दोन्ही झाडें एकाच कुळांतलीं, शेंगा दोन्हींच्या जोडीनें लोंबणाऱ्या, आणि वाळलेली साल तर भल्याभल्यांस फसवील. अशा भेसळीमुळें गुण आला नाहीं कीं दोष औषधाच्या माथीं बसतो. आज काष्ठौषधींच्या दुकानांतून पुडी आणून गुरांस चारणारा शेतकरी आपण काय चारीत आहों हें सांगूं शकत नाहीं, आणि खरें म्हणजे दुकानदारहि सांगूं शकत नाहीं.

जुनें औषध खरें असूनहि मागें पडूं शकतें, हेंहि मान्य केलें पाहिजे. कोंकणांत व सह्याद्रीच्या रानांत ओढ्यांच्या कांठीं कडू कवठीचीं झाडें आढळतात. तिच्या बियांचें तेल कुष्ठरोगावर पिढ्यान्‌पिढ्या वापरांत होतें; विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जगभर या जातीच्या तेलांचीं इंजेक्शनें देत असत. तीं अतिशय दुखत, गुण बेताचा येई, पण दुसरें कांहींच नव्हतें. १९४१ सालीं अमेरिकेंतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयांत सल्फोन जातीच्या नव्या औषधाचा उपयोग सुरू झाला आणि थोड्याच वर्षांत कडू कवठीचें तेल दवाखान्यांतून नाहींसें झालें. जुन्या तेलाचा अभिमान धरून कोणी कुष्ठरोग्यास नवें औषध नाकारतें, तर त्याला आपण काय म्हटलें असतें?

पण गोष्ट येथेंच संपत नाहीं, आणि हा भाग आम्हांस सर्वांत मनोरंजक वाटतो. हिमालयांत होणाऱ्या दारुहळदीच्या जातींत बर्बेरीन हें पिवळें, कडू द्रव्य असतें. (दारुहळद ही हळदीची कोणी नव्हे, केवळ रंगाचें नातें.) हें बर्बेरीन एकटें दिलें असतां पूजनक जंतूंवर फारसें चालत नाहीं, कारण जंतु तें आंत शिरतांच एखाद्या पंपासारख्या यंत्रणेनें बाहेर उपसून टाकतो. २००० सालीं अमेरिकेंतील स्टेर्मिट्झ, लुईस वगैरे संशोधकांनीं असें दाखविलें कीं, त्याच वंशांतील वनस्पतींत दुसरें एक द्रव्य असतें, तें स्वतः जंतूस कांहींच करीत नाहीं, पण तो पंप मात्र अडवून धरतें. मग बर्बेरीन आंत सांठतें व जंतु मरतो. आणि या पंप अडविणाऱ्या द्रव्याचें रासायनिक नांव कडू कवठीच्या शास्त्रीय नांवावरूनच पडलेलें आहे, कारण त्याच्या जातीचें मूळ द्रव्य त्या कुळांत आढळलें होतें. यावरून दोन गोष्टी निघतात. वनस्पतींतील एकच द्रव्य गाळून घेऊन 'हें चालत नाहीं' असा निकाल देणें घाईचें आहे; आणि ज्या पंपाच्या जोरावर जंतु आपल्या नव्या औषधांसहि हुलकावणी देतात त्यावरचा तोडगा कदाचित् एखाद्या रानांतल्या मुळींत पडून असेल. तसा शोध लागण्याआधींच ती मुळी खणून संपूं नये म्हणजे झालें. दारुहळदीचें मूळ काढलें कीं झुडूप मेलें. आणि मागणी तर वर्षांगणिक वाढतेच आहे.

वनस्पतींचें औषध म्हणून जंतु त्याला मान देतात, अशीहि एक भोळी समजूत आहे. चीनच्या तू यूयू यांनीं चौथ्या शतकांतील एका जुन्या वैद्यकग्रंथांत वनस्पति थंड पाण्यांत भिजवून पिळण्याची कृति वाचली, त्यावरून उष्णतेनें गुण जात असावा हें ओळखलें, व कमी तपमानावर ईथरनें अर्क काढून १९७२ सालच्या सुमारास हिंवतापावरील आर्टेमिसिनीन हातीं आणलें. त्यांस २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु तें एकटेंच, अपुऱ्या मात्रेनें, हवें तसें वापरलें गेल्यामुळें कंबोडियाच्या पश्चिम भागांत हिंवतापाचे जीव त्यालाहि सरावूं लागले. २००६ सालींच जागतिक आरोग्य संघटनेनें तें एकटें देऊं नये असें बजावलें होतें. सांगण्याचा अर्थ असा कीं, अपुऱ्या मात्रेचें पाप नळींतल्या औषधाला लागतें तसेंच पाल्याच्या औषधालाहि लागतें.

आतां गोठ्याकडे वळूं. कासदाहावर कोरफड, हळद व चुना यांचा लेप तमिळनाडूच्या पशुवैद्यकीय विद्यापीठांतील प्राध्यापक पुण्यमूर्ति यांनीं पुढें आणला, व राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानें त्याचा देशभर प्रसार केला. कृति अशी: कोरफडीचीं पानें २५० ग्रॅम, हळदीची पूड ५० ग्रॅम, चुना १० ते १५ ग्रॅम, हें एकत्र वाटावें म्हणजे लालसर लगदा होतो. कास पूर्ण पिळून रिकामी करावी, स्वच्छ धुवावी, ओंजळभर लगदा थोड्या पाण्यांत पातळ करून साऱ्या कासेस लावावा. असें दिवसांतून दहा वेळां, पांच दिवस. प्रत्येक दिवसाचा लगदा ताजा करावा.

या लेपाबद्दल आमचें मत अनुकूल आहे, पण तें डोळे मिटून नव्हे. यांत गुण कोणाचा? हळदीचा, कोरफडीचा, कीं चुन्याच्या क्षारतेचा? कीं दर वेळीं कास धुतली व पिळून रिकामी केली त्याचा? शिवाय सौम्य कासदाहाच्या बऱ्याच गाई, विशेषतः कोलायच्या, कांहीं न करितांहि आपोआप सुधारतात. शंभर गाईंस लेप लावला व ऐंशीं बऱ्या झाल्या असें कोणी सांगितलें, तर लेप न लावलेल्या शंभरांपैकीं किती बऱ्या झाल्या हा प्रश्न विचारल्यावांचून त्या ऐंशींचा अर्थ लागत नाहीं. हा प्रश्न विचारणाऱ्यास कांहीं मंडळी परंपरेचा शत्रु ठरवितात. आम्हांस तो परंपरेचा मित्र वाटतो. कारण गुण सिद्ध झाला तर लेपाची किंमत वाढेल, घटणार नाहीं.

आणि दहा वेळां लेप लावणें हें काम कोणाचें, याचा उल्लेख पत्रकांतून कोठेंच नसतो. घरधनी शेतावर, मुलें शाळेंत. उरली ती घरची बाई. पांच दिवसांत पन्नास वेळां कास धुणें व लेप लावणें हें फुकट नव्हे. नळीचे रुपये वांचले म्हणून हिशेब मांडतांना तिच्या श्रमांचा आंकडा शून्य धरूं नये. यावर उपाय म्हणजे लेप अगदीं आरंभींच, पहिली गांठ दिसतांच किंवा कासेची तपासणी करतांच लावावा, म्हणजे आजार वाढून श्रम व नळी असा दुहेरी खर्च येत नाहीं.

परंतु लेपाची मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे, येथें भीड नको. जनावर तापानें फणफणलें, वैरण सोडली, किंवा सड थंड व निळसर पडला, तर लेपांत अर्धा दिवसहि घालवूं नये. डॉक्टरास बोलवावें, औषध द्यावें, आणि तें सांगितलें तितके दिवस पुरें करावें. घटसर्प, फऱ्या, फाशी यांत काढ्यानें किंवा पाल्यानें जनावर वांचविण्याची भाषाच करूं नये. यांचे जंतु रक्तांत व मांसांत इतक्या वेगानें वाढतात कीं वाटण वाटून होईपर्यंत खेळ आटोपतो. घटसर्प व फऱ्या यांस उपाय एकच, पावसाळ्यापूर्वीं लस टोंचून घेणें; फाशीचा जेथें उपद्रव होतो तेथें तिचीहि लस घ्यावी. उलटपक्षीं लाळखुरकत व लम्पी हे विषाणूंचे रोग. यांवर प्रतिजैविकांचा मुळींच उपयोग नाहीं. २०२२ सालीं लम्पीची सांथ आली तेव्हां भयानें कितीतरी गोठ्यांत इंजेक्शनांवर इंजेक्शनें टोंचलीं गेलीं. जखमेंत दुय्यम जंतु शिरले असतील तर गोष्ट वेगळी, तें डॉक्टरानें ठरवावें. खुरांच्या व अंगावरच्या जखमांवर मात्र कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यानें धुणें, हळद व तेल लावणें, माशा दूर ठेवणें हे उपाय योग्यच आहेत. वनस्पतीचें बळ जेथें रोगाच्या जागीं थेट पोंचतें, तेथें तें वापरावें.

या विषयाला बाजाराचीहि एक बाजू आहे. १९९५ सालीं अमेरिकेंत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास हळदीनें जखम बरी करण्याचें चक्क पेटंट मिळालें होतें. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असतांना आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें जुने लिखित पुरावे पुढें मांडून तें १९९७ सालीं रद्द करविलें. कडुनिंबाच्या तेलाचें बुरशीनाशक म्हणून युरोपांत दिलेलें पेटंट २००० सालीं रद्द झालें व त्यावरील अपीलहि २००५ सालीं फेटाळलें गेलें. दोन्ही प्रसंगीं लढाई जिंकली ती भावनेनें नव्हे, पूर्वापार वापराच्या पुराव्यानें. मात्र पेटंट रद्द झालें म्हणून हळदीचा भाव शेतकऱ्यास चढा मिळाला असें झालें नाहीं. उलट 'औषधी वनस्पतींची शेती करा, सारा माल आम्ही उचलूं' अशा जाहिरातींनीं सफेद मुसळीच्या व कोरफडीच्या नादीं लागून आपल्या प्रांतांतील शेंकडों शेतकरी बुडाले, तें फार जुनें झालेलें नाहीं. रोपें विकणारा श्रीमंत झाला. माल उचलण्याच्या वेळीं त्याचा पत्ता सांपडला नाहीं. सभासदांनीं खरेदीदाराचा लेखी करार व अनामत रक्कम हातीं आल्याखेरीज एक गुंठाहि या पिकांस देऊं नये, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. दोन-चार वाफे घरच्या गोठ्यापुरते लावणें निराळें. तें अवश्य करावें.

हळदीविषयीं आणखी एक सूचना. रंग उजळ दिसावा म्हणून हळकुंडांस शिशाचा पिवळा क्षार चोळण्याचा प्रकार बांगलादेशांत २०१९ सालच्या संशोधनानें उघडकीस आणला. असा माल कासेस लावणें म्हणजे शिसें दुधाशेजारीं नेऊन ठेवणें. सांगली, हिंगोली, वर्धा या बाजूंस ज्यांच्या घरीं हळद पिकते त्यांस ही अडचण नाहीं. इतरांनीं उत्पादकाकडून हळकुंडें घेऊन घरींच दळावीं.

आतां आपल्या संघानें काय करावें याविषयीं आमची सूचना. संघाच्या दूध संकलन केंद्रावर कासदाहाची एक नोंदवही ठेवावी. आरंभींच्या, सौम्य आजाराच्या ज्या गाई-म्हशी येतील त्यांपैकीं कोणत्या जनावरास लेप लावावयाचा व कोणत्याची केवळ कास धुऊन वारंवार पिळावयाची, हें पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीं चिठ्ठी टाकून ठरवावें. आवडीनिवडीनें ठरवूं नये. कोणत्याहि जनावराचा आजार वाढतांच त्यास लागलीच औषध द्यावें. सातव्या व एकविसाव्या दिवशीं दोन्ही गटांतील कासेची तपासणी करून दूध मोजावें. एका पावसाळ्यांत शे-दीडशें जनावरांची नोंद सहज होईल, आणि जी गोष्ट आज चावडीवरच्या वादांत अडकली आहे तिचा आपल्या भागापुरता तरी निकाल लागेल. खर्च फारसा नाहीं. संघ दरसाल सभेच्या मंडपावर जें खर्चितो त्याच्या आंत हें काम बसावें, असा आमचा अदमास आहे.

दुधांतील औषधाचा अंश ओळखण्याच्या पट्ट्या मोठ्या डेअरींत असतात; त्या संघानें मागवाव्या. तोंपर्यंत घरच्या घरीं एक ढोबळ परीक्षा करतां येते. औषध दिलेल्या गाईचें व खात्रीच्या गाईचें दूध दोन वाट्यांत वेगवेगळें तापवून कोमट करावें, दोहोंत एकाच विरजणाचा सारखा चमचा घालून एकाच जागीं ठेवावें. खात्रीच्या दुधाचें दहीं लागून दुसरें पातळ राहिलें, तर तें केंद्रावर नेऊं नये. दोन्ही लागलीं म्हणून मात्र डॉक्टरानें सांगितलेल्या मुदतीपूर्वीं दूध नेण्याची मोकळीक मिळाली असें समजूं नये, कारण थोडा अंश विरजणास कळत नाहीं. नोंदवहींत औषधाचें नांव, दिल्याची तारीख व दूध पुन्हां सुरू केल्याची तारीख असे तीन रकाने असावेत, आणि तिसरा रकाना भरल्याखेरीज त्या सभासदाची किटली केंद्रावर उतरवून घेऊं नये.